ध्वनिप्रक्षेपणाची किल्ली



२७ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४२.३४ मीटर लहरींवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांस सुगावा लागूं नये म्हणून ते जागा वारंवार बदलीत. तरीहि १२ नोव्हेंबरला छापा पडला, आणि तोहि आंतल्याच एका तंत्रज्ञाच्या फितुरीनें.

आज नाशकांतील एखाद्या संस्थेला आपलीं व्याख्यानें परगांवच्या सभासदांस ऐकवावयाचीं असतील, तर लिनक्स घातलेला साधा संगणक व आइसकास्ट ही विनामूल्य प्रणाली पुरते. परंतु चार पथ्यें पाळावीं. पहिलें, प्रणाली सर्वाधिकारी खात्यानें न चालवितां मर्यादित अधिकाराच्या निराळ्या खात्यानें चालवावी. म्हणजे चोर शिरला तरी त्याला सर्व घर मोकळें सांपडत नाहीं. दुसरें, नमुन्याच्या फाइलींतील परवलीचा शब्द जगजाहीर असतो. तो बदलून ध्वनि पाठविणाऱ्यास एक व व्यवस्थापकास दुसरा द्यावा. तिसरें, टीएलएस प्रमाणपत्र बसवावें; ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा तें फुकट देते. त्यावांचून परवलीचा शब्द वाटेंत वाचतां येतो. चौथें, पत्ता ठाऊक असलेला कोणीहि ध्वनि ऐकूं शकतो; म्हणून प्रत्येक सभासदास स्वतंत्र नांव व परवली द्यावी.

इतका खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. व्याख्यान कोणी चोरून ऐकलें तर फारसें बिघडत नाहीं. पण ध्वनि पाठविण्याची किल्ली परक्याच्या हातीं गेली, तर तो आपल्या संस्थेच्या नांवानें बोलूं लागेल, आणि सभासद तें खरें मानतील. म्हणून किल्ली ज्यांच्यापाशीं, तीं माणसें थोडीं व पारखलेलीं असावींत.