श्रीपूरचा पाट : आमचा तरणतलाव
(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला 'बालपणीच्या आठवणी' हा विषय दिला, तेव्हा व्हाउचरे तपासण्यात आयुष्य गेलेला बँकेचा कारकून यावर काय बोलणार, असे वाटले होते. परंतु गेल्या महिन्यात भाचीला घेऊन सोलापुरास महानगरपालिकेच्या तरणतलावावर जाण्याचा योग आला. खिडकीवर पावती फाडली. आत उतरण्यापूर्वी अंग धुण्याची सक्ती, डोक्याला रबरी टोपी, पाण्याला औषधाचा वास आणि काठावर शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस. ते निळेशार पाणी पाहता पाहता आम्हाला आपल्या श्रीपूरचा गढूळ पाट आठवला. आज त्याच्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या भागाचे सारे वैभव पाटाच्या पाण्यावर उभे आहे. नीरेचा उजवा कालवा १९३८ साली पुरा झाला. त्याच्या भरवशावर या दुष्काळी माळशिरस तालुक्यात ऊस आला आणि १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपुरात उभा राहिला. आमचे वाडवडील या उसाच्या मागोमाग आले. कोणी तोडीला लागले, कोणी कारखान्याच्या यार्डात. जमीन कोणालाच नव्हती, आणि जमीन नाही म्हणून विहीर नाही.

खेड्यातला पोरगा पोहायला शिकतो तो विहिरीत. आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो ते साल १९९० च्या आसपासचे. त्या काळी 'पाणी बाटेल' असे तोंडावर कोणी म्हणत नसे. मोटार चालू आहे, पाणी प्यायचे आहे, कालच औषध टाकले आहे, अशी कारणे मिळत. त्याच विहिरीत आमच्या वर्गातली पोरे मुटके मारीत आणि तो धप्प आवाज आम्हाला बांधावर उभे राहून ऐकू येई. कारण खोटे आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. आम्ही चपला हातात घेऊन परत फिरत असू.

पाट मात्र सरकारचा! उन्हाळ्यात पाळी सुटली की कारखान्याच्या भोंग्याआधी ही बातमी वस्तीत पोचायची. 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी काठावर होती, तिचा उपयोग आम्ही सदरे अडकवण्यासाठी करीत असू. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा. ट्रकची ट्यूब एकच होती आणि तिच्यावरून मारामाऱ्या होत. आमचे गुरू म्हणजे यार्डातले एक तात्या. ते पोटाखाली तळहात धरून चालत राहायचे आणि न सांगता हात काढून घ्यायचे. हात काढला हे आम्हाला कळायचे ते चार गटांगळ्या खाल्ल्यावरच. मे महिन्यात वरचे पाणी कोमट आणि पायाशी गार लागे. दातांत वाळू करकरायची. वरच्या अंगाला उडी मारायची, धारेला लागून खाली यायचे आणि बाभळीपाशी आले की काठचे गवत धरायचेच, कारण त्यापुढे मोरी होती आणि मोरीच्या तोंडाशी पाणी माणसाला खाली ओढते. कडेचे पाणी संथ दिसते, मधले जोरात पळते, हा धडाही तात्यांचाच.

या सरकारी पाण्यात आम्ही बिनदिक्कत उतरत होतो, त्यामागे केवढा इतिहास आहे हे पुढे कळले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरात आणि तळे कुलपात, अशीच गत होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे ओंजळ भरली तेव्हा त्या कागदाला जीव आला. तरीही कोर्टकचेरी सुटली नाही. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, म्हणजे दहा वर्षांनी. पाण्याला कुंपण घालण्याची ही खोड केवळ खेड्यांतच होती असेही नाही. मुंबईच्या ब्रीच कँडीच्या पोहण्याच्या तलावावर इंग्रजी अमदानीत खुद्द भारतीयांनाच मज्जाव होता.

चवदार तळ्याची ही हकीकत आमच्या वस्तीत दरवर्षी मार्चमध्ये सांगितली जाई आणि ती सर्वांत चांगली सांगायची आमची आक्का. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडलाच स्त्रियांसाठी वेगळे भाषण केले, हे ती न चुकता सांगायची. बायामाणसे डोळ्याला पदर लावीत.

आता जे सांगायचे ते सांगताना थोडा संकोच वाटतो. आम्ही पाटावर जात असू तेव्हा आक्काही यायची. ती कपडे राखायची. पाण्यात पाय सोडून बसायची, आणि कोणाचा हात कुठे चुकतो, कोणाचा दम कुठे सुटतो, हे तिला तात्यांइतकेच कळत असे. एकदा ती तात्यांना म्हणाली, "मला बी शिकवा की." तात्या हसले. त्यांच्याहून मोठ्याने आम्ही पोरे हसलो. घरी आईच्या कानावर गेले तर ती म्हणाली, "पोरीच्या जातीला हे नगं." विषय तिथेच मिटला. विहिरीच्या बांधावरून परत पाठवल्याचा राग आमच्या मनात ताजा होता, पण त्याच आठवड्यात आम्ही आक्काला काय सांगितले याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही.

१९९७ साली, लग्नाला वर्षही झाले नसेल, आक्का सासरच्या गावी पाटावर धुणे धूत होती. बादली वाहून चालली म्हणून तिने हात लांबवला आणि पाय सटकला. तेथे पाटाला सिमेंटचे अस्तर होते. उतरत्या भिंतीवर शेवाळ धरलेले, धरायला गवताची काडीही नाही. ती बरीच खाली वाहत गेली. गवत कापणाऱ्या एका बाईने कमरेचे लुगडे सोडून त्याचे टोक फेकले, म्हणून आक्का वाचली. त्या माउलीचे नावही पुढे आम्हाला कळले नाही.

विश्रांतीला आक्का माहेरी आली. रात्री सगळे जेवायला बसलो होतो. भाकरी वाढता वाढता ती एवढेच म्हणाली, "तुमी समदी पवायला शिकलासा. मी कापडं राखली." कोणी काही बोलले नाही. तात्या त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होते. ते ताटावरून तसेच उठले.

बंधु-भगिनींनो, गेल्या महिन्यात सोलापूरच्या तलावावर नेली ती भाची आक्काचीच धाकटी मुलगी. पहिले चार दिवस ती कठड्याला चिकटून होती, पाचव्या दिवशी सुटली. आक्का काठावर बाकड्यावर बसली होती, मांडीवर लेकीची पिशवी, चष्मा आणि टॉवेल. "हात लांब टाक, मान खाली घाल," असे ती ओरडून सांगत होती. शिट्टीवाल्याने आम्हाला विचारले, "या बाई कुठे शिकवतात का?"

पाटावर पोरींना पाठवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अस्तराच्या पाटात आता पोरांनीही उतरू नये. परंतु मंडळ दर उन्हाळ्यात मुलांच्या क्रिकेट स्पर्धा भरवते, चषक देते. त्यातील एका वर्षाचा खर्च वाचवून मुलींना पंधरा दिवस शहरातल्या तरणतलावावर नेण्या-आणण्याची सोय करता येईल, सोबत दोन मोठ्या बाया असाव्यात, अशी आमची सूचना आहे. कार्यकारिणीने ती पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावी. आमचा वाटा आम्ही आजच खजिनदारांकडे भरला आहे, आणि सवयीप्रमाणे पावतीही घेतली आहे.