नकाशातले करडे चौकोन

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात आलेला पाहुणा मोबाइलवर दवाखान्याचा रस्ता शोधतो, बरोबर आजारी माणूस असतो, आणि पडद्यावर उमटतात नुसते करडे चौकोन. निळा ठिपका मात्र सरकत असतो! त्याची जागा उपग्रहांवरून कळते. नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं, तेही फरश्यांसारखं तुकड्यातुकड्यांनी. एकेक तुकडा बहुधा २५६ बाय २५६ पिक्सेलचा. नकाशा एक पायरी जवळ आणला, की तेवढ्याच भागाचे तुकडे चौपट!

सगळेच चौकोन करडे असतील, तर नेटवर्क तपासा; गर्दीत ते अडखळतंच. एखादाच रिकामा असेल, तर नकाशा पुन्हा उघडा. जवळ आणल्यावरच नकाशा गायब होत असेल, तर त्या पातळीचे तुकडे बनवलेलेच नसतील. एक पायरी मागे या.

नकाशे बनवणाऱ्यांची गंमत वेगळीच. तुकड्यांच्या ओळी काही पद्धतींत उत्तरेकडून मोजतात, काहींत दक्षिणेकडून. ही गल्लत झाली, तर सोलापूरच्या जागी चक्क हिंदी महासागर!

यात्रेला निघण्यापूर्वी घरीच शहराचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या. मग नेटवर्क गेलं, तरी ठिपक्याखाली रस्ते दिसतील.