पेटी गप्प झाली तर आधी तिचं ऐका



जमिनीतला ओलावा मोजणारी पेटी तुमच्यापैकी काहींनी ठिबकाच्या बागेत बसवली असेल. मोबाईलवर आकडा येतो, त्यावर आपण पाणी सोडतो. हा आकडा यायचा थांबला तर काय करायचं, ते आज सांगतो.

मागच्या हंगामात एका द्राक्षबागायतदाराची पेटी अशीच बंद पडली. बाग नेमकी मण्यांत पाणी उतरण्याच्या अवस्थेत. या वेळी पाणी जास्त झालं तर मणी तडकतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. विक्रेता म्हणाला, "पेटी गेली, नवी घ्या." गडी चार दिवस अंदाजानं पाणी देत होता. आम्ही लॅपटॉप घेऊन बागेत गेलो.

अशा पुष्कळ पेट्यांच्या आत तीन-चार पिनांची जागा असते. ते सिरियल पोर्ट. पेटी आपलं म्हणणं तिथून अक्षरामागून अक्षर पाठवत असते. ऐकायला दोनच तारा पुरतात : पेटीची टीएक्स ही यूएसबी-सिरियल केबलच्या आरएक्सला, आणि ग्राउंडला ग्राउंड. पेटीला स्वतःची बॅटरी असेल तर केबलची वीजपुरवठ्याची तार मुळीच जोडू नका. केबल ३.३ व्होल्टची की ५ व्होल्टची, ते पेटीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. जुन्या संगणकाची नऊ पिनांची आरएस-२३२ केबल तर इथे लावूच नका. तिच्यात उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. धडधाकट पेटी जळायची!

लिनक्सच्या लॅपटॉपवर पिकोकॉम नावाचा फुकट प्रोग्राम टाकून घ्या. काळ्या पडद्यावर ही आज्ञा द्यायची (इंग्रजी अक्षरांत, 'यूएसबी' तेवढं मोठ्या लिपीत) :

पिकोकॉम -बी ९६०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

'परवानगी नाही' असं उत्तर आलं, तर आपलं नाव 'डायलआउट' गटात घालावं लागतं आणि एकदा लॉगआउट होऊन परत यावं लागतं. कॉलेजात शिकणारा घरचा मुलगा किंवा मुलगी हे काम पाच मिनिटांत करील.

आमच्या पडद्यावर आधी नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली. बागायतदार म्हणाले, "बघा साहेब, गेलीच ती." पण नुसता कचरा दिसला तर बहुधा वेग जुळलेला नसतो. ९६०० च्या जागी १,१५,२०० घातले, आणि स्वच्छ ओळी येऊ लागल्या. पेटी दर मिनिटाला सांगत होती, की सेन्सरकडून उत्तर येत नाही. म्हणजे पेटी ठीक, खोट पुढे. तार धरून ओळीनं चालत गेलो. तिसऱ्या वेलापाशी खुरप्यानं तुटलेली! सांधा मारून वर टेप गुंडाळला, संध्याकाळी आकडा सुरू.

एक ध्यानात ठेवा. काम झालं की कंट्रोल दाबून ए, मग कंट्रोल दाबूनच एक्स, असं करून बाहेर पडा, नाहीतर पोर्ट अडकून राहतं. आणि पेटीचं झाकण लावताना कडेचं रबर नीट बसलं आहे ना, ते बोट फिरवून पाहा. पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.