मधमाशी पेटी नाही, जागा ओळखते



आपल्या नांदेड-लातूरकडं सूर्यफुलात मधमाशी फिरली की दाणा चांगला भरतो. दोडका, भोपळा, काकडीला तर माशीशिवाय फळ धरणं अवघड. म्हणून बचत गटानं मधपेटी घ्यायची असेल, तर माशीचा एक स्वभाव आधी समजून घ्या.

शेजारच्या रानात फवारणी आहे म्हणून पेटी धुऱ्यावरनं उचलली आणि पन्नास पावलांवर लिंबाखाली ठेवली. सकाळी बाहेर पडलेल्या माश्या परतल्या त्या जुन्या जागीच! तिथं घिरट्या घालून थकून मेल्या. असं का होतं?

माशी वाट डोळ्यांनी पाठ करते. नवी माशी कामाला लागण्याआधी पेटीच्या दाराकडं तोंड करून हवेत झुलते, मग मोठे मोठे फेरे घेते. तेव्हा ती झाड, धुरा, गोठ्याचं छप्पर मनात टिपत असते. लांब जाताना सूर्यावरनं दिशा धरते आणि घराजवळ आली की या खुणा शोधते.

आपल्याच राज्यात भीमाशंकरच्या जंगलात लाकूड पोखरून राहणारा भुंगा रात्री फिरतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या घरट्यापाशी रंगीत खुणा ठेवून पाहिल्या. माणसाला रंग कळत नाही इतक्या अंधारात, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात, भुंग्यानं रंग ओळखून घर गाठलं. हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला.

आता आपण काय करायचं? पेटी थोडीच सरकवायची असेल तर रोज एक-दोन फूट सरकवा. लांब न्यायची असेल तर 3 किलोमीटरच्या पुढं न्या. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की दाराला जाळी लावा, मगच उचला. पेट्या जवळजवळ असतील तर एकीला निळा, दुसरीला पिवळा रंग द्या. माश्या घर चुकत नाहीत. लाल नको, तो माशीला काळाच दिसतो. पेटीजवळचं झाडही एकदम तोडू नका.

फवारणीसाठी पेटी पळवण्यापेक्षा शेजाऱ्याशी आधीच बोला. फुलोऱ्यात फवारणी टाळा. करावीच लागली तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करा. पेटी आपण विकत आणतो, पण घराची वाट माशीनं स्वतः पाठ केलेली असते. ती मोडू नका.