बारा मतांनी परकी फौज परत गेली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही भोंग्यावर पळणारी गिरणीतली माणसं. परदेशाच्या राजकारणातलं आम्हाला काय कळणार, असं कुणी म्हणेल. पण वाचून जे समजलं ते सांगतो. फिलिपिन्स देशाची ही हकीकत आहे.

हा देश १९४६ साली अमेरिकेच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. परंतु १९४७ च्या कराराने अमेरिकेचे लष्करी तळ तिथेच राहिले. सुबिकला आरमार, क्लार्कला विमानं. डिसेंबर १९८९ मध्ये लष्करी बंड झालं, तेव्हा सरकारच्या मदतीला क्लार्कवरून अमेरिकन विमानं उडाली. म्हणजे भांडण घरातलं आणि बंदूक परक्याची!

१९९१ ला मुदत संपत आली. सुबिकचा तळ आणखी दहा वर्षं ठेवण्याचा नवा करार सिनेटपुढे आला. राष्ट्राध्यक्षा कोराझॉन अक्विनो स्वतः कराराच्या बाजूने. तळावर हजारो कामगारांची चूल पेटत होती. बंधूंनो, इथे आमचाही जीव अडखळतो. गेट बंद झालं की घरात काय होतं, ते आम्ही जाणतो.

१६ सप्टेंबर १९९१ रोजी मतदान झालं. करार हवा म्हणणारे अकरा, नको म्हणणारे बारा. सिनेटचे अध्यक्ष जोव्हिटो सालोंगा त्या बारांत होते. मंजुरीला दोन तृतीयांश मतं हवी होती, त्यामुळे करार पडला. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकन आरमार सुबिक सोडून गेलं. गोळी न झाडता, संविधानाच्या मार्गाने हे घडलं.

कामगारांचे हाल झाले, हे आम्ही झाकणार नाही. पुढे त्याच सुबिकला मुक्त बंदर करून कारखाने आणावे लागले. स्वाभिमान राखायचा तर कामगाराच्या भाकरीची सोयही आधी बघितली पाहिजे.

आणि गाफील राहून चालत नाही. १९९८ आणि २०१४ च्या करारांनी अमेरिकन सैन्याला परत वाट मिळाली. २०१४ चा करार तर सिनेटच्या मंजुरीला ठेवलाच नाही!

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हीच काळजी बोलून दाखवली होती. आपल्याच माणसांच्या फितुरीने देशाने पूर्वी स्वातंत्र्य गमावलं, तसं पुन्हा होऊ नये, असा तो इशारा होता.

म्हणून मायबाप हो, मत देताना माणूस पारखा. असा कागद उद्या त्याच्यासमोर आला तर तो कुठल्या बाजूला उभा राहील, हे त्याला आजच विचारा.

जय भीम! जय भारत!