दगडाला जीव आहे काय?



खांबातून नृसिंह प्रकट झाला ही कथा ज्या समाजात घरोघरी सांगितली जाते, त्या समाजाला 'दगडातही चैतन्य आहे' असे म्हणताना संकोच वाटत नाही. तो वाटूही नये. मात्र या श्रद्धेला विज्ञानाचे नाव जोडले जाते, तेव्हा थोडे थांबून पाहणे आवश्यक ठरते. 'दगड-धातू सजीव आहेत हे जगदीशचंद्र बोस यांनी सिद्ध केले' असे वाक्य आपल्याकडे वारंवार कानी पडते. जगदीशचंद्रांनी नेमके काय केले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्युतलहरींवर संशोधन करीत होते. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केले म्हणून तीन वर्षे वेतन न स्वीकारता अध्यापन करणारा हा मानी पुरुष. लहरी टिपणारे त्यांचे ग्राहकयंत्र सतत वापरले की मंदावत असे आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होत असे. थकलेल्या स्नायूचे वर्तन असेच असते. दुसरा एखादा ही उपमा देऊन थांबला असता. जगदीशचंद्र मोजमापाकडे वळले. कथिल, प्लॅटिनम अशा धातूंच्या तारांना पीळ द्यायचा आणि त्यातून उमटणारा विद्युत्‌प्रतिसाद आलेखावर उतरवायचा, असा त्यांचा प्रयोग होता. काही रसायनांनी तो प्रतिसाद वाढला, काहींनी मंदावला. ऑक्झॅलिक आम्लाने तर, विषाने प्राणी मरावा तसा, तो मावळला. स्नायू, वनस्पती आणि धातू यांच्या आलेखांतील साम्य थक्क करणारे होते.

१९०० साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान परिषदेत त्यांनी हे मांडले. त्या वेळी पॅरिसमध्ये असलेल्या स्वामी विवेकानंदांनी आपल्या प्रवासवर्णनात या वंगपुत्राचा गौरव केला आहे. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानाचा शेवट जगदीशचंद्रांनी गंगातीरावरील प्राचीन ऋषींच्या स्मरणाने केला. पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीत मात्र विरोध झाला. 'प्रतिसाद' हा शब्द शरीरशास्त्राचा आहे, तो धातूंना लावू नये, असे बर्डन सँडरसन यांच्यासारख्या मान्यवरांचे म्हणणे पडले. जगदीशचंद्रांनी शब्द बदलला नाही. १९०२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या ग्रंथलेखनात भगिनी निवेदितांचे मोठे साहाय्य होते.

या विरोधात साम्राज्याचा ताठा नव्हता असे कोण म्हणेल? पण आक्षेपात एक खरा मुद्दाही होता. सारखी दिसणारी रेषा म्हणजे सारखा अनुभव नव्हे. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यात विद्युत्‌भार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. मनगटी घड्याळातील क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याला काही 'जाणवते' असे त्यावरून ठरत नाही. जगदीशचंद्रांचे स्वतःचे प्रतिपादनही 'धातूला आत्मा आहे' असे नव्हते. सजीवांच्या प्रतिसादामागे कोणतीही गूढ प्राणशक्ती मानण्याचे कारण नाही, जड आणि सजीव दोन्हीकडे एकच नियम चालतात, असे ते सांगत होते. हे वाक्य दोन्ही टोकांनी वाचता येते. श्रद्धावान त्यातून दगडाला वर आणील. जडवादी त्याच वाक्याने माणसाला खाली नेईल. आपल्या वक्त्यांनी हे विसरता कामा नये.

मग स्फटिकांचे काय? ते 'वाढतात' हे खरे आहे. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडले. त्या बेसाल्टमधील वायूच्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपले आणि स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक तयार झाले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हान्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. तुरटीचा कोपरा मोडलेला खडा तिच्याच संपृक्त द्रावणात ठेवला तर तो कोपरा भरून निघतो. घरी मुलांना दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे. पण ही वाढ बाहेरून थर चढण्याची आहे. बीज आतून वाढते, अन्न घेते, मल टाकते, आपल्यासारखे दुसरे निर्माण करते. द्रावण संपले की स्फटिक स्वस्थ बसतो आणि लाखो वर्षे तसाच राहतो. सजीवाला ते स्वास्थ्य परवडत नाही. स्फटिकमाळा आणि स्फटिकगोळे 'जिवंत ऊर्जे'च्या नावाने मध्यमवर्गीय घरांत चढ्या भावाने विकले जातात. घेणाऱ्याने एवढे तरी विचारावे, की ही ऊर्जा मोजली कोणी?

आणि आपली परंपरा तरी सरसकट बोलते का? जैन दर्शन पृथ्वीकायिक जीव मानते; मातीदगडालाही तेथे स्पर्शाचे एक इंद्रिय आहे. सांख्य प्रकृतीला जड म्हणते. ऐतरेय आरण्यकात आत्म्याच्या प्रकटीकरणाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : वनस्पतींत रस, प्राण्यांत चित्त, मनुष्यात त्याहून अधिक. त्यावर भाष्य करताना सायणाचार्यांनी मातीदगडांत केवळ सत्ता, म्हणजे नुसते 'असणे', प्रकट होते, जीवरूप नव्हे, असे स्पष्ट केले. आधार एकच चैतन्य, पण प्रकटण्याच्या पायऱ्या वेगळ्या. ही मांडणी घोषवाक्यात बसत नाही, पण ती जगदीशचंद्रांच्या आलेखांच्या आधाराशिवाय उभी आहे. उद्या त्या आलेखांचा अर्थ निव्वळ रसायनशास्त्राने लावला, तरी तिला धक्का लागत नाही. देव्हाऱ्यातील शाळिग्राम पाहा. गंडकीच्या पात्रातील ती शिळा बहुधा अ‍ॅमोनाइट नावाच्या सागरी जीवाचा जीवाश्म असते; तेथे जीव होता, आता शिळा आहे. पूजा करणाऱ्या आजीला ही माहिती दिली तर तिचे तुळशीपत्र चुकत नाही.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली. ही केवळ प्रयोगशाळा नसून मंदिर आहे, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. संस्थेचे चिन्ह आहे वज्र, दधीचींच्या अस्थींपासून घडलेले. त्या अस्थी तरी कशाच्या असतात? कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या सूक्ष्म स्फटिकांच्या. ते स्फटिक जिवंत पेशी रचतात, झिजवतात आणि आयुष्यभर पुन्हा रचत राहतात.