रिकामे चौथरे
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज तुम्हाला अमेरिकेतल्या एका संग्रहालयात नेणार आहे. बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले तोच हा देश. पुढे १९४६ साली त्यांनी तिथल्या काळ्या लोकांचे नेते डॉ. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती सारखीच आहे, असे कळवले होते.

तिथे बाल्टिमोर शहरात १८४४ सालची एक संस्था, तेव्हाचे नाव मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी. संग्रहालयात बड्या गोऱ्या घराण्यांची चांदी, खुर्च्या, तसबिरी. मेरीलँडात गुलामगिरी होती, पण तिची खूण तिथे फारशी दिसत नसे. १९९२ साली फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताला तिथे प्रदर्शन करायला बोलावले. हा पठ्ठ्या सरळ गोदामात शिरला आणि तिथलेच सामान काढून त्याने नव्याने मांडले.

चांदीच्या सुरया-पेल्यांच्या मधोमध त्याने गुलामांच्या लोखंडी बेड्या ठेवल्या. पाटी एवढीच : 'धातुकाम, १७९३ ते १८८०'. ती चांदी कोणाच्या घामाची, हे वेगळे सांगावे लागले नाही. दुसरीकडे सुतारकाम. नक्षीदार खुर्च्या, आणि त्यांच्यासमोर माणसाला बांधून फटके मारायचा खांब. खुर्च्या जणू मजा बघत बसल्यात!

मला सर्वात लागले ते चौथरे. तीन पांढऱ्या चौथऱ्यांवर पुतळे होते, त्यात एक नेपोलियनचा. त्याचा मेरीलँडशी काय संबंध? शेजारी तीन काळे चौथरे, रिकामे. त्यांवर फक्त नावे : गुलामीतून पळून इतरांनाही सोडवणारी हॅरिएट टबमन, गुलामीतून सुटून वर्तमानपत्र काढणारे फ्रेडरिक डग्लस, पंचांगकर्ते बेंजामिन बॅनेकर. तिघेही मेरीलँडच्याच मातीतले. संग्रहालयाकडे त्यांचे पुतळेच नव्हते.

कोणी म्हणेल, हे इतिहासकारानेही केले असते. असते ना! पण बेड्या गोदामात असूनही त्या चांदीशेजारी ठेवाव्यात, हे कलावंताला सुचले. आपल्या जलसाकारांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात बाबासाहेबांचा विचार भरला, तसलेच हे काम.

एक गोष्ट मात्र मला खटकते. प्रदर्शन १९९३ साली उतरले. पाहुणा म्हणून काही महिने बोलावणे वेगळे, आणि गोदामाची किल्ली कायमची हाती देणे वेगळे.

आपली किल्ली तर आपल्याच हातात आहे. कोणाच्या ट्रंकेत दीक्षेच्या वेळचे पांढरे लुगडे असेल, आजोबांचा गिरणीचा बिल्ला असेल, सभेची पावती असेल. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा विहारात आणून दाखवा. मांडणी आपल्या पोरांना करू द्या. कशाशेजारी काय ठेवायचे, ते त्यांनाच ठरवू द्या.

नमो बुद्धाय, जयभीम!